देवीचा कौल आणि माझा परकर

आमच्या तलावावरची देवी कधी 'नाही' म्हणत नसे. दिवाळीनंतर पीक घरात आलं आणि गावात कुणाच्याही मुलीची सोयरीक जुळत आली की बोलणी पक्की होण्याआधी देवीला विचारायचं, अशी आमच्याकडची रीत होती. विचारायचं म्हणजे वाळक्या भोपळ्याची अर्धी कवटी घ्यायची, तिच्यात तुपाचा दिवा ठेवायचा, भोवती झेंडूची फुलं पसरायची आणि त्या मुलीनंच ती घाटावरून पाण्यावर सोडायची. घाट तलावाच्या दक्षिण काठावर, मधोमध. त्याच्या डाव्या हाताला, मावळतीकडे, देवीचं देऊळ आणि उजव्या हाताला, उगवतीकडे, तलावाची दगडी पाळ. दिवा देवळाच्या काठाला लागला तर देवीचा होकार, पाळीला लागला तर नकार. वाटेत ज्योत विझली तरी चालायचं, कवटी कुठं लागते त्यावर सगळं. ती काठाला लागेपर्यंत कुणी तिला हात लावायचा नाही, आणि लागली की त्या घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं उचलायची. माझ्या आठवणीत जेवढे दिवे सुटले ते सगळे मुकाट्यानं देवळाला जाऊन लागले. नवरा बिजवर असो, तोतरा असो, पत्ते कुटणारा असो, देवीला सगळे जावई पसंत होते.

या कामाची सगळी सूत्रं आमच्या आत्याच्या हातात होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात ती माहेरी परत आली ती कायमची, आणि माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून घर तिच्याच शब्दावर चालत होतं. बाबा गावात मोठ्या आवाजात बोलत, चावडीवर चार लोकांना गप्प करत, पण घरी आले की पायताणाबरोबर आवाजही उंबऱ्याबाहेर काढून ठेवत. आत्या अंगानं आडवी, रंगानं काळीसावळी, कपाळ मोठं आणि मोकळं. ती हसली की सगळं अंग हसायचं आणि रागावली की आधी फक्त डावी भुवई रागवायची. गावात कुणाच्या मुलीचा दिवा सोडायचा असला तर वेळ आत्याला विचारत. ती नेहमी एकच सांगायची, "सकायच्या पारी सोडा. देवीले सकायीच फुरसत रायते." देवी दुपारी एवढं काय करते, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा भुवई वर गेली, आणि मी पुढचं विचारलं नाही.

आमचं घर धाब्याचं, मातीचं. उन्हाळ्यात आत गारवा आणि पावसाळ्यात प्रत्येक कोपऱ्यात एकेक भांडं. पहाटे जात्याची घरघर, मग गोठ्यातल्या घंटा, मग मायच्या भाकरी थापण्याचा आवाज. माय भाकर थापताना कुणाशी बोलत नसे, पण राग आला की थापांचा वेग वाढायचा, आणि त्यावरून आम्ही बहिणी तिचा राग कुणावर आहे ते ओळखत असू. बहुतेक वेळा तो आत्यावर असायचा आणि भाकरी त्या दिवशी फार पातळ व्हायच्या. आंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाच्या फोडणीचं तेल, लाल मिरचीचा ठेचा. आज माझी सून मला डॉक्टरांच्या सांगण्यावरून बिनतेलाची भाजी वाढते. मी ती खाते, पण तिला भाजी म्हणत नाही.

थोरली शकूताई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. ती सातवी पास झाली तेव्हा अनसिंगच्या शाळेतल्या मास्तरीणबाई घरी आल्या, चहा प्याल्या आणि बाबांना म्हणाल्या की या मुलीला अकोल्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये घाला, दोन वर्षांत मास्तरीण होऊन बाहेर पडेल. आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यातच होता, तरी अकोला म्हणजे आम्हाला दुसरा मुलूख वाटायचा. बाबा म्हणाले, "पाहू." बाबांचं 'पाहू' म्हणजे काय ते शकूताईला ठाऊक होतं. तरी त्या दिवसापासून ती गोठ्यातल्या वासरांना पाढे शिकवू लागली. एका वासराला तर तिनं नऊच्या पाढ्यात चुकलं म्हणून कोपऱ्यात उभंही केलं होतं.

आता त्या वैशाखातल्या भानगडीकडे वळते, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. मायनं कैऱ्या उकडून गुळाचं पन्हं केलं होतं. घरातल्या माठातलं पाणी त्या दिवसांत कोमट व्हायचं. शकूताई म्हणाली, तलावात पोहताना पोटाला पाणी गरम लागतं आणि पाय खाली सोडले की बोटं गारठतात, म्हणजे खाली थंडी आहे, मग पन्हं खालीच ठेवू. मला ही कल्पना एवढी आवडली की आत्याचा फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या मी तिला न विचारता उचलला. प्रवासातला, घट्ट झाकणाचा, तिच्या सासरहून परत आलेली एकमेव धड वस्तू. त्यात पन्हं भरलं, झाकण फिरवलं, पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसा अख्खा वाळका भोपळा आणला, त्याला पुरुषभर लांब सुतळी बांधली आणि सुतळीच्या टोकाला तांब्या लटकवून घाटावरून सोडून दिला. भोपळा दगडाला बांधून ठेवायचं मात्र दोघींच्याही डोक्यात आलं नाही. घरी जाऊन जेवलो, जरा लवंडलो, आणि उन्हं कलली तशी परत आलो तर भोपळा गायब.

माझी पाचावर धारण बसली. वैशाखातला वारा मावळतीकडून येतो, झळांसकट. त्या दिवसांत तलावावर पडलेला पाचोळा, पिसं, कुणाची वाहून गेलेली टोपी, सगळं पाळीला जाऊन साचतं. आम्ही पाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथी घातली. पाचोळा होता, टोपीही सापडली, भोपळा नव्हता. शेवटी रडत रडत देवळाकडे गेलो तर तिथं देवीचा गुरव पायरीवर बसून ओठ पुसत होता आणि बाजूला आमचा भोपळा. "देवीनं पन्हं मांगतलं," तो म्हणाला, "तलावातून सोताहून आलं. मी निवद दाखवला अन् परसाद घेतला." तांब्या रिकामा होता. तो मिळाला या आनंदात आम्ही पन्ह्यासाठी भांडलो नाही. पण परत येताना शकूताई एकदम थांबली. म्हणाली, "कुसे, वारा कोनीकडून हाये?" मी बोट ओलं करून पाहिलं. वारा पाठीवर येत होता, देवळाकडून. म्हणजे सगळं जग पाळीकडे चाललं होतं आणि आमचा भोपळा तेवढा उलट्या दिशेनं देवळात गेला होता. मी म्हटलं, गुरवानं पोहत जाऊन आणला असेल. शकूताई म्हणाली, "गुरव? तो आंघोयीलेबी पान्यात उतरत नाई."

हे कोडं सुटलं बाबांच्या चहामुळे. बाबा चहा बशीत ओतून, लांब फुंकर मारत मारत पीत. शकूताई दोन-तीन दिवस त्यांच्या समोर बसून नुसती बशीकडे बघत होती. बाबांना वाटलं पोरीला चहा हवाय, म्हणून त्यांनी बशी तिच्याकडे सरकवली, तर तिनं ती परत त्यांच्या तोंडाशी नेली आणि म्हणाली, "नाई बाबा, तुमी फुका." मग मलाही तिनं दाखवलं. बाबा फुंकत तेव्हा वरची साय पलीकडच्या कडेला जायची, आणि बशीच्या तळाशी बसलेली चहाची भुकटी मात्र अलीकडे, बाबांच्या मिशांकडे सरकत यायची. वरचं पाणी वाऱ्याबरोबर पलीकडे गेलं, तिथं काठाला अडलं, आता ते जाणार कुठं? खाली बुडी मारणार आणि तळातून परत येणार. तलावातही तेच. वरून पाळीकडे आणि खालून देवळाकडे. आमचा तांब्या खालच्या पाण्यात लटकत होता, म्हणून तो खालच्या पाण्याबरोबर गेला आणि वरच्या भोपळ्याला फरपटत घेऊन गेला. माझ्या पुतण्यानं, जो पाटबंधाऱ्याच्या नोकरीत होता, मला याचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं होतं. ते मी विसरले. बशी विसरले नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही दुसरं काही केलं नाही. पाणी आणायला म्हणून जायचं आणि तास-तास घाटावर बसायचं. सुतळी हातभर ठेवली तर भोपळा जागीच घुटमळायचा. पुरुषभर सोडली की संथपणे, पण ठामपणे, वाऱ्याकडे तोंड करून निघायचा. तांब्या पुन्हा चोरायची हिंमत नव्हती, म्हणून पोत्याचा तुकडा लावून पाहिला, चिंध्यांचं गाठोडं लावून पाहिलं. सगळ्यात गुणाचा निघाला माझा जुना कत्थई परकर. नाडीच्या बाजूनं सुतळी बांधली आणि घेरात दोन खडे शिवले की तो पाण्यात खाली जाऊन छान फुगायचा आणि खालचं पाणी त्याला धरून ओढायचं. हा परकर आत्यानं तिच्या एका जुन्या लुगड्यातून मला शिवून दिला होता. तेव्हा त्या गोष्टीचं मला काही वाटलं नव्हतं.

दिवाळी झाली. कापूस घरात आला. मधल्या खोलीत धाब्यापर्यंत ढीग लागला आणि आम्ही पोरं त्यात उड्या मारून शिंकत बसू लागलो. अशात रिसोडहून शकूताईसाठी स्थळ आलं. धान्याची आडत, घरात चार बैल, मुलगा निर्व्यसनी, दिसायला बरा. त्यात खोट काढावी असं काही नव्हतं, आणि हीच मोठी अडचण होती. वाईट स्थळ असतं तर मायनं भाकरी पातळ केल्या असत्या. आता सगळे खूश. बाबा म्हणाले, देवीचा दिवा सोडू आणि मार्गशीर्षात साखरपुडा उरकू. नॉर्मल स्कूलचं नाव कुणी काढलं नाही. जणू मास्तरीणबाई येऊन नुसता चहाच पिऊन गेल्या होत्या.

शकूताई कापसाच्या ढिगात तोंड खुपसून रडली. मी तिला कधी तसं रडताना पाहिलं नव्हतं. माझी बहीण धीराची, माझ्यासारखी उठल्याबसल्या भोकाड पसरणारी नव्हती. तिच्या केसांत सरक्या अडकल्या होत्या आणि ती म्हणत होती, "मले लग्न नाई कराचं असं नाई वं कुसे. पन आधी शिकाचं हाये. एकदा रिसोडले गेली का मंग कोन शिकू देते?" ती गेली तर गेली, पण मनाविरुद्ध गेली तर मी त्या तलावाकडे पुन्हा बघू शकणार नाही, असं मला वाटलं. मी म्हटलं, "देवी नाई म्हनन." ती म्हणाली, "देवीनं आजवर कोनाले नाई म्हटलं?" आणि एकदम उठून बसली. डोळे पुसले. म्हणाली, "दिवा कवा सोडतात? सकायी. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत सकायी वारा कोनीकडून येते?" उगवतीकडून. पाळीकडून देवळाकडे. दुपारी पडतो आणि मग कधीकधी उलटा फिरतो. आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. देवीला सकाळचीच फुरसत का असते, ते त्या कापसात बसून आमच्या लक्षात आलं. आत्याला हे कळत होतं की नकळत चाललं होतं, यावर आमचं जरा भांडण झालं. मी म्हटलं नकळत. ताई म्हणाली, "आत्या नकयत शिंकतबी नाई."

दिव्याच्या दिवशी अर्धा गाव तलावावर. रीत अशी की दिवा सुटला की गोवऱ्यांच्या हारावर, म्हणजे निखाऱ्यांवर, कणकेचे रोडगे भाजायला लावायचे, एकीकडे वांग्याची भाजी आणि वरण, आणि दिवा काठाला लागला की देवीला निवद दाखवून जेवायला बसायचं. त्यामुळे दिव्याकडे सगळ्यांचं लक्ष भक्तीनं असे, तितकंच भुकेनंही. रिसोडची मंडळी गाडी जुंपून आली होती. मुलाची आई ठेंगणी, गोरी, गळ्यात एकदाणी, आणि बोलण्याआधी प्रत्येक वेळी "माय वो" म्हणणारी. परडीत फुलांनी भरलेली कवटी घेऊन मी पुढे आणि मागून शकूताई. कवटीच्या पोटाला सुतळी, सुतळीला परकर, परकर ओला करून घडी घातलेला आणि त्यावर झेंडूचा एवढा ढीग की आत्या म्हणालीच, "पोट्टे, देवीले दिवा दाखवाचा हाये का फुलायचा बजार?" ताई पायऱ्या उतरून कमरेइतक्या पाण्यात गेली. घाटाच्या पायऱ्या संपल्या की एकदम खोल. तिचं लुगडं पाण्यावर पसरलं, त्याच्या आडोशानं तिनं परकर खाली सोडला आणि वर दिवा. मी देवीला हात जोडले. खरंच जोडले, कारण तेवढं केलं तर बिघडत नव्हतं.

कवटी बराच वेळ जागेवर गरगरली. वारा छान होता, उगवतीचा, गार. सुट्या झालेल्या झेंडूच्या पाकळ्या भराभर देवळाकडे निघाल्या. बायका म्हणाल्या, चालला, चालला. पण चालल्या त्या पाकळ्या. कवटी हलली ती उजवीकडे. एवढी हळू, की आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. रोडग्यांचा वास सुटला, कुणीतरी वरणाला फोडणी दिली, आणि मग एक म्हातारी म्हणाली, "वो बाई, दिवा उल्टा चालून राह्यला." सगळे उठून उभे राहिले. वारा लुगड्यांचे पदर देवळाकडे उडवत होता आणि दिवा त्याच वाऱ्याला तोंड देत, डोलत डोलत पाळीकडे चालला होता. गुरवानं घंटा बडवायला सुरुवात केली. बाबांचा चेहरा पाहवत नव्हता. मी आत्याकडे पाहिलं. तिची डावी भुवई कपाळाच्या मध्यावर गेली होती. ती दिव्याकडे बघत नव्हती. पाकळ्यांकडे बघत होती, मग आपल्या पदराकडे, मग माझ्याकडे.

तेव्हा मला कळलं की ताईचं खरं होतं. आत्याला वारा ठाऊक होता. तिला हेही ठाऊक होतं की हे होणं शक्य नाही. पण बोलायचं कसं? 'वारा तर देवळाकडचा आहे' असं तोंडातून निघालं असतं तर आजवरचे सगळे होकार कुणाचे होते, ते गावाला कळलं असतं. बिचारी गप्प उभी होती आणि मला हसू येत होतं. ते दाबायला मी मूठ तोंडात कोंबली.

ताईसकट सगळे दिव्यामागून काठाकाठानं पाळीवर पोचले, आणि तेवढ्यात दिवा थांबला. पाळीपासून दोन-तीन हातांवर, मधेच. परकरातले खडे पाळीच्या दगडांत जाऊन अडकले होते. कवटी पुढे जाईना, मागे येईना. काठाला लागला नाही म्हणजे कौल झाला नाही, आणि रोडगे करपत होते. मुलाचा मामा धोतर खोचू लागला, म्हणाला, मी ढकलतो. माझं हसू पोटात गेलं. तो पाण्यात उतरला असता, सुतळी हाताला लागली असती, आणि वर आला असता माझा परकर, सगळ्या गावासमोर, रिसोडसकट. शकूताईनं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी पिचली.

"थांबा," आत्या ओरडली. "दिवा बाईनं उचलाचा रायते. माया घरचा दिवा हाये." आणि तिनं काष्टा कसला, पाळीवरून दगड धरत धरत उतरली आणि छातीएवढ्या पाण्यात गेली. कवटीजवळ पोचली. एक हात वर, एक हात पाण्याखाली. मग ती थबकली. तिच्या हाताला काय लागलं असेल ते आम्हा दोघींनाच ठाऊक. कापड चाचपून तिनं ओळखलं असणार, तिच्याच लुगड्याचं होतं. तिनं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आत्या पाण्यात हनुवटीपर्यंत खाली वाकली होती, जणू देवीच्या पाया पडत होती, आणि खाली तिचा हात काहीतरी हिसडून कमरेपाशी खोचत होता. मग ती उभी राहिली, कवटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि पाळीच्या दगडाला टेकवून मोठ्यानं म्हणाली, "पाळीले लागला." बाहेर आली तेव्हा ती जरा जास्तच आडवी दिसत होती. ओल्या लुगड्यात एक परकर सहज मावतो.

आम्हाला वाटलं, सुटलो. पण रिसोडच्या बाई पुढे झाल्या आणि त्यांनी शकूताईच्या पायांवर डोकं ठेवलं. "माय वो! वाऱ्याच्या उल्टा दिवा! हे पोरगी साधी नोहे. देवी हाये हिच्यात. आमाले देनंघेनं काई नको, मले हेच सून पायजे." मागून आणखी बायका आल्या. कुणी पायाला हात लावला, कुणी मूल ताईच्या ओटीत ठेवलं. बाबांचा चेहरा उजळला. नकाराचा होकार होताना मी डोळ्यांनी पाहत होते आणि त्यावर माझ्याकडे काही इलाज नव्हता. एवढा उन्हाळाभर केलेला खटाटोप, आणि तिचं लग्न आधी होतं त्याहून पक्कं झालं होतं.

"बोल माय," रिसोडच्या बाई हात जोडून म्हणाल्या, "देवी काय म्हन्ते?"

आता ताईनं घुमायला हवं होतं. मी असते तर केस सोडले असते आणि अकोल्याचं नावगाव पत्त्यासकट सांगितलं असतं. ताई थरथरत होती. ओठ निळे पडले होते. ती म्हणाली, "देवी काय म्हन्ते ते मले ठाऊक नाई. मले शिकाचं हाये. अकोल्याले जाऊन मास्तरीण व्हाचं हाये. लग्न मी मंग करीन." आणि तिनं बाबांकडे सरळ पाहिलं. आमच्या घरात बाबांकडे असं कुणी मुलीनं पाहिलं नव्हतं.

बाबांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी आत्या बोलली. अंगातून पाणी ठिबकत होतं, हातात ती कवटी होती. "दिवा पाळीले लागला. देवीनं नाई म्हटलं. आजवर देवीनं हाव म्हटलं तवा कोनी इचारलं का, काहून म्हून? मंग आता नाई म्हटलं तं कायले उलटंसुलटं लावता? चाला, रोडगे खा." रिसोडच्या बाई "माय वो" म्हणाल्या आणि पंगतीकडे वळल्या. पंगत बसली. रोडगे एका बाजूनं कोळसा झाले होते. मायनं ताईच्या वाटीत न विचारता तूप ओतलं.

दुसऱ्या दिवशी माझा परकर धुऊन, खडे उसवून, अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेला होता. मी तो गुपचूप काढायला गेले तर आत्या मागे उभी. म्हणाली, "खडे हलके बांधाचे होते. पाळीपाशी अडकन नाई तं काय." मी विचारलं, "आत्या, तू आमाले धरून काहून नाई देल्लं?" तिनं दोरीची गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाली, "माया येळी दिवा देवयाले गेला. म्या मनात म्हटलं, देवी म्हन्ते तं बरंच आसन. अन् त्या घरी मी काय काय सोसलं ते मले ठाऊक. परत आली तवा रोज तलावावर जाऊन बसो. बसून बसून वारा समजला. पन तवा काय उपेग?" मी म्हटलं, मग तू बाकीच्या मुलींना सकाळी का सोडायला लावत होतीस? तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "मले वाटे, देवीनं सांगतलं म्हून गेली तं पोरीच्या जिवाले तेवढाच आधार." तिचे डोळे भरले होते. आत्याचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले, आणि काय करावं ते न सुचून मी परकर तिच्या हातात दिला. तिनं त्यालाच नाक पुसलं.

शकूताई पुढच्या जूनमध्ये अकोल्याला गेली. वाशीमच्या स्टेशनावर तिला सोडायला बाबाही आले आणि आगगाडी हलल्यावर उगाचच मोठ्या आवाजात हमालाला रागावले. ती मास्तरीण झाली, पुढे तिच्याच शाळेतल्या एका मास्तरांशी तिनं लग्न केलं, आणि आयुष्यभर नऊच्या पाढ्यात चुकणाऱ्या पोरांना कोपऱ्यात उभं करत राहिली. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा नातवानं बशीत दूध फुंकलं तेव्हा मला तिला हाक मारावीशी वाटली.

त्या दिवसानंतर गावात देवी कधीकधी 'नाही' म्हणू लागली. लोकांना वाटलं, देवी जागृत झाली. खरं असं होतं की कुणाच्या मुलीची सोयरीक जुळत आली की आत्या त्या मुलीला पाणी शेंदायच्या निमित्तानं एकटीला गाठायची, हळूच काहीतरी विचारायची, आणि मग वेळ सांगायची. कुणाचा दिवा सकाळी सुटायचा, कुणाचा वारा फिरल्यावर दुपारी. "आता देवीले दुपारीबी फुरसत रायते," ती म्हणायची, आणि कुणाची विचारायची छाती नव्हती.

माझी वेळ आली तेव्हा आत्या थकली होती, पण तलावापर्यंत चालत होती. स्थळ कारंज्याचं होतं. तिनं मला घाटावर बसवलं, इकडंतिकडं पाहिलं आणि कानाशी तोंड आणून विचारलं, "बोल कुसे, सकायी सोडू का दुपारी?"

मी म्हटलं, "पहिले पोरगा तं पाहू दे."

आत्यानं डावी भुवई वर केली. आणि मग ती हसली, सगळं अंग हलवत, पार खोकला येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नाही-नाही म्हणत असताना तिनं कारंज्याला निरोप धाडला, की आमच्याकडची देवी आधी नवरदेवाला बघते.